गोदाआत्याची पारख

सिनेमात माझं काम पडायचं. हौदात पडायचं, शेणाच्या ढिगात पडायचं, नायिकेच्या बापाची काठी पाठीत बसली की कोलांटी खाऊन दाराबाहेर पडायचं. चित्रं मुकी होती तोवर एवढंच पुरायचं. बोलपट निघाले तेव्हा वाटलं, संपलं आपलं, आता गाणाऱ्यांचे दिवस आले. पण लोकांना माझा आवाजही हसण्याजोगा वाटला आणि माझी भाकरी वाचली. त्याआधी अर्धी हयात नाटक कंपनीत गेली. दोन गंभीर प्रवेशांच्या मध्ये पडदा बदलेपर्यंत मी पिटातल्या लोकांना हसवत ठेवायचो. आता म्हातारा झालो आहे, गुडघे बोलतात, तरी रस्त्यात पोरं मला पाहून मुद्दाम घसरून पडतात. वर्तमानपत्रवाले येतात आणि विचारतात, हसवण्याची विद्या कुठे शिकलात? मी सांगतो, कल्याणला, घरी. ते तेवढं लिहून घेतात आणि चहा पिऊन जातात. पुढचं कोणी विचारत नाही, आणि मीही आजवर सांगितलेलं नाही.

आमचं घर कल्याणला तळ्याच्या मागच्या अंगाला होतं. आजोबा घाट उतरून खाली आले ते बहुरूप्याचं गाठोडं पाठीवर घेऊनच. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, त्यांनी तेच गाठोडं पुढे चालवलं. आज बैरागी, उद्या वैद्य, परवा फौजदार, अशी रोज नवं सोंग घेऊन गावातून फेरी मारायची, दारोदार लोकांना फसवायचं, हसवायचं, आणि सगळी सोंगं झाली की शेवटच्या दिवशी आपल्या खऱ्या कपड्यांत, खऱ्या तोंडाने येऊन बिदागी मागायची. त्या दिवशी लोक आबांकडे बघतच राहायचे, कारण आमचे आबा दिसायला अगदी साधे होते. मध्यम बांधा, सावळा रंग, लक्षात राहावं असं तोंडावर काही नाही. ते म्हणत, देवाने मला कोरी पाटी दिली म्हणून पोट भरतंय. फौजदार झाले की ते कोणाच्याही अंगणात शिरत आणि तुमच्या मांजरीने सरकारी उंदीर खाल्ला म्हणून मांजरीला हुकूम बजावत. मांजर पळालं की घरमालकाला जामीन राहायला सांगत. म्हाताऱ्या बायका हसता हसता डोळे पुसायच्या.

घरात सोंगांचं सामान आणि संसाराचं सामान असं वेगळं कधी नव्हतंच. भिंतीला काव लावायला आणलेला गेरू आबांच्या गालावर जायचा. आईने साड्यांसाठी केलेली तांदळाची खळ मिशा चिकटवायला संपायची, मग ती चुलीपुढून ओरडायची आणि आबा बाळंतिणीच्या आवाजात तिची क्षमा मागायचे. परसात एक दोरी होती. तिच्या एका टोकाला सुके बोंबील टांगलेले असत आणि दुसऱ्या टोकाला दाढ्या. त्यामुळे आमच्या बैराग्याच्या दाढीला बारा महिने बोंबलाचा वास यायचा. संध्याकाळी आबा खोबरेल चोळून रंग उतरवत बसले की आई तव्यावर कुळथाचं पिठलं हलवत असायची. त्या तेलाचा आणि पिठल्याचा एकत्र वास मला अजूनही कधी मेकअपच्या खोलीत येतो.

धंद्याचे नियम आजोबांनी घालून दिले होते. सुतकाच्या दारी जायचं नाही, गरोदर बाईला दचकवायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की सोंग दारात उतरवायचं नाही. समोरच्याने ओळखलं, तर हसायचं आणि हात जोडून पुढे जायचं. पण ओळखलं नाही, तर सोंगातच गेलेलं बरं. दुसऱ्या दिवशी उघड्या तोंडाने जाऊन सांगायचं, काल आलो होतो तो मीच. आपल्या हाताने आपली दाढी ओढून काढणारा बहुरूपी हा स्वतःचीच वरात मोडणारा नवरदेव, असं आजोबा म्हणायचे. मला हा नियम फार आवडायचा. त्यात एक रुबाब होता.

याशिवाय आमच्या घरचा असा एक रिवाज होता, तो दुसऱ्या कुठल्या बहुरूप्याच्या घरी मी पाहिला नाही. नवं सोंग तयार झालं की त्याचा पहिला फेरा कल्याणात व्हायचा नाही. तो मान गोदाआत्याचा. गोदाआत्या आबांची धाकटी बहीण. ठाण्याला कोपरीत दिली होती. तिचे यजमान, आमचे आतोबा, तिथल्या मिठागरावर कामाला होते. आबा नवं सोंग घेऊन आधी तिच्या दारात उभे राहायचे. तिने ओळखलं तर सोंगात खोट आहे असं समजायचं, घरी येऊन ती खोट काढायची, आणि मग लोकांपुढे जायचं. आणि ती दर वेळी ओळखायची. बैरागी म्हणून गेले तेव्हा तिने सूप खाली न ठेवताच विचारलं, बोंबील खाणारा बैरागी कुठल्या आखाड्याचा? वैद्य म्हणून गेले तेव्हा तिने नाडी बघायला हात पुढे केला आणि म्हणाली, आधी हात धू, दादा. बाळंतीण होऊन गेले त्या दिवशी तर तिने कडेवरच्या चिंध्यांच्या बाळाला तीट लावली, आबांना आत नेऊन पाट मांडला आणि बाळाला पाजून झालं असेल तर जेवायला बस म्हणाली. कशावरून ओळखतेस, असं आबांनी किती वेळा विचारलं, पण तिने कधी सांगितलं नाही. लहानपणी आई गेली तेव्हा आबांनीच तिला वाढवलं होतं. मला वाटतं तिला सांगता येण्यासारखं कारणच नव्हतं. आबा कल्याणला परतताना वाटभर कुरकुर करायचे, हिच्यापुढे आपलं काही चालत नाही म्हणायचे, आणि त्या दिवशी त्यांची स्वारी सगळ्यांत खूश असायची.

आत्याला बऱ्याच नवसांनी झालेली एकच मुलगी, यमू. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. हसायला लागली की तिला उचकी लागायची आणि उचकी लागली की त्याचं तिला आणखी हसू यायचं. मग आत्या पाण्याचं भांडं घेऊन तिच्यामागे. मिठागराजवळचं पाणी-चिखल, त्यामुळे दरसाल पावसाळा सरला की तिला हिवताप यायचा. एक दिवसाआड हुडहुडी भरायची, मग घाम फुटून ताप उतरायचा. पोर आठ-पंधरा दिवसांत पुन्हा उंडारायला मोकळी. त्या तापाचं कोणाला काही वाटायचं नाही.

मग मुंबईत मरी आली. गाठीचा ताप म्हणा, पिलेग म्हणा, आमच्याकडे नाव घ्यायलाही लोक भ्यायचे. हां हां म्हणता ती रेल्वेने कल्याणला पोचली. कल्याण स्टेशनावर सरकारने तपासणी बसवली. गाड्या थांबवून सगळ्यांना खाली उतरवायचं, फलाटावर रांगेत उभं करायचं, आणि डॉक्टर साहेब एकेकाच्या काखेत, जांघेत हात घालून गाठ बघणार. ताप असला की झालं, माणूस उचलून छावणीत. छावणीतून परत आलेला आमच्या आळीने तरी पाहिला नव्हता. गावात घरंही तपासायला लागले. लोक आजारी माणसाला माळ्यावर, कणगीत, शेणींच्या ढिगाआड लपवायचे. आमच्या धंद्याची तर माती झाली. परका माणूस दारात दिसला की दार बंद. आबा बैरागी होऊन निघाले तर एका ओळखीच्या घरातून त्यांच्यावर दगड आला. बिचाऱ्यांनी घरी येऊन दाढी दोरीला टांगली आणि कितीतरी दिवस उतरवलीच नाही.

त्या रिकाम्या दिवसांत आबा स्टेशनावर जाऊन बसायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, बघत बसतो. ते साहेबाला बघत होते. साहेब रुमाल नाकाला कसा लावतो, बोलताना माणसाकडे न बघता त्याच्या डोक्यावरून कसा बघतो, छडीच्या टोकाने पदर कसा बाजूला करतो, हे सगळं ते घरी येऊन करायला लागले. भेंडाच्या हलक्या ताटांची साहेबी टोपी घडवली, तिच्यावर पांढरं कापड ताणून बसवलं. जुन्या बाजारातून एक कोट मिळाला. सफेद्यात किंचित गेरू कालवून त्यांनी तोंडाला असा रंग काढला की मी जेवता जेवता उठून उभा राहिलो. आईने मात्र तोंड फिरवलं. ती आबांच्या धंद्यात कधी बोलायची नाही, पण त्या दिवशी म्हणाली, हे सोंग नको, याला आपल्या घरात आणू नका. आबांचं म्हणणं वेगळं होतं. लोक या टोपीला भिऊन अर्धमेले झालेत. उद्या हीच टोपी एखाद्या अंगणात कोंबडीची काख तपासायला लागली, तर लोक हसतील, आणि एकदा हसले की त्यांना खऱ्या टोपीचीही निम्मीच भीती वाटेल. यात खोटं काहीच नव्हतं. पुढे आयुष्यभर मी याच समजुतीवर पोट भरलं. शेवटी ते म्हणाले, आधी गोदीकडे तर जाऊ, ती काय मला ओळखल्याशिवाय सोडते? हसून हसून लोळेल. आई चुलीकडे वळली.

साहेबाबरोबर पट्टेवाला लागतो, तो मी झालो. मला मिसरूड फुटलेलं होतं, ते काजळाने दाट केलं, फेटा कपाळावर ओढला आणि भागलं. पौषातले दिवस होते, सकाळी खाडीवरून बोचरा वारा यायचा. आम्ही साध्या कपड्यांत ठाण्याला उतरलो, तपासणीत उभे राहिलो, सुटलो, आणि कोपरीच्या अलीकडे चुन्याची एक पडकी भट्टी होती तिच्या आडोशाला कपडे बदलले. कोपरीत शिरलो आणि अंगणात खेळणारी पोरं पाखरं उडावीत तशी उडाली. दारं धडाधड लागली. आबांनी मान वळवली नाही, पण हाताच्या छडीने पायावर एक टिचकी मारली. मनासारखं झालं की ते असं काहीतरी करायचे.

आत्या दारातच तांदूळ पाखडत बसली होती. आम्हाला बघून ती उठली. सूप तिच्या हातातून निसटलं आणि तांदूळ ओट्यावर सांडले. मी पट्टेवाल्याचं तोंड करून वाट बघत होतो की आता ती काहीतरी बोलेल, आता हसेल. आबा साहेबी हिंदुस्थानीत बोलले, "टुमारा घर में किटना आडमी? बुखार किसको हाय?" आत्याने हात जोडले. तिची नजर टोपीवरून छडीवर आणि छडीवरून पुन्हा टोपीवर जात होती. आबांच्या तोंडाकडे तिने धड बघितलं की नाही, कोण जाणे.

"कोनी न्हाई सायेब," ती म्हणाली. "मानूस मिठागरावर गेलाय. पोर हाय येक, ती कल्यानला मामाकडं गेली."

आबांनी रुमाल नाकाला लावला, तिच्या डोक्यावरून आतल्या अंधारात बघितलं, आणि छडीने उंबरा वाजवला. "हम फिर आयेगा," म्हणाले आणि वळले. आत्याने वाकून त्यांच्या बुटांना हात लावला. बहिणीला पाया पडू देताना आबांचं काय झालं असेल ते मला त्या वेळी कळलं नाही. सोंग दारात उतरवायचं नाही हा नियम, आणि तिने ओळखलेलं नाही ही गोष्ट, यापुढे त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. मलाही नाही.

कोपरी मागे पडली तसे आबा हसायला लागले. साहेबाच्या टोपीखाली आमचे आबा पोरासारखे हसत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा गोदी फसली. उद्या सकाळी येऊ, येताना नारळ आणि पेढे आणू, तिचं तोंड बघशील तू उद्या. बुटांना हात लावला रे तिने माझ्या, आता हे तिला जन्मभर ऐकवणार. आम्ही भट्टीपाशी पोचलो. त्यांनी टोपी काढून भिंतीवर ठेवली आणि तोंडाला खोबरेल चोळायला घेतलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

"आबा," मी म्हटलं, "यमू आपल्याकडे कुठे आलीये?"

त्यांचा हात गालावरच थांबला. अर्धं तोंड गोरं, अर्धं सावळं. मग त्यांनी मिळेल त्या फडक्याने तोंड ओरबाडून पुसलं, साहेबी कपडे भिरकावून आपलं धोतर कसंबसं गुंडाळलं आणि धावायला लागले. फेटा-पट्टा, सामान तिथेच टाकून मी मागे धावलो.

एकदा एका सिनेमा कंपनीत दिग्दर्शकाने माझ्यापुढे गोऱ्या साहेबाची टोपी आणि कोट आणून ठेवला. साहेब चिखलात पडतो आणि गावकरी त्याला धुतात, असा मोठा मजेदार प्रवेश होता. मी म्हटलं, गाढव करा, हजाम करा, पण हे नको. त्याला वाटलं मी सरकारला भितो. दुसऱ्या नटाने ते काम केलं, फार छान केलं, लोक खुर्चीवरून पडले. मी ते चित्र पाहिलेलं नाही.

आम्ही परत पोचलो तेव्हा आत्याच्या दाराला कडी होती आणि तांदूळ तसेच ओट्यावर होते, चिमण्या टिपत होत्या. शेजारची बाई आधी बोलेना. आबांना ती ओळखत होती, म्हणून मग हळूच म्हणाली, साहेब येऊन गेला, पुन्हा येतो म्हणाला. यमूला तापच होता. गोदीने तिला गोधडीत गुंडाळून पाठीशी बांधलं आणि मागच्या दाराने मिठागरातून खाडीकडे निघून गेली. आबांनी मिठागरावर जाऊन आतोबांना गाठलं. त्यांना एवढंच सांगितलं की यमूला घेऊन गोदी कुठे गेली आहे, शोधायला हवं. आम्ही तिघं बांधाबांधाने फिरलो. ओहोटी होती. चिखलात आत्याच्या पावलांचे खड्डे दिसत होते, कुठे गुडघाभर खोल. पुढे ते पाण्यापाशी संपले. एका कोळ्याच्या होडीने तिला पलीकडे विटाव्याच्या बाजूला सोडलं होतं, पण तो होडीवाला भेटायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

पलीकडच्या तिवरांच्या झाडीत मासे राखणाऱ्यांची एक मोडकी खोप होती, तिच्यात त्या दोघी सापडल्या. खोपीला एका अंगाला भिंत नव्हती. आत्याने आपलं लुगडं अर्धं फाडून पोरीभोवती गुंडाळलं होतं. चिखलातून जाताना दोघी गळ्यापर्यंत भिजल्या होत्या आणि धूर दिसेल म्हणून आत्याने शेकोटीही केली नव्हती. यमूचे ओठ निळे पडले होते. श्वास घेताना तिच्या छातीतून आवाज येत होता. आबा गुडघ्यांवर बसले. तिने डोळे उघडले, मामाला ओळखलं, आणि विचारलं, "सायेब गेला?"

"गेला," आबा म्हणाले. "आता येणार नाही."

आम्ही तिला घरी आणलं. आतोबांनी ओळखीच्या वैद्याला मागच्या दाराने आणलं. त्याने नीट तपासलं. गाठ कुठेच नव्हती. दरवर्षीचाच हिवताप होता तो, त्यावर गारठ्याने छाती भरली होती. आबा तिच्या उशाशी बसून राहिले, जेवायलाही उठेनात. आत्या तिच्या तळव्यांना लसूण घातलेलं तेल चोळत होती. थोड्या दिवसांत यमू गेली. शेवटी तिला नुसती उचकी लागली होती, आणि सवयीने आत्या पाण्याचं भांडं घेऊन आली. ते मला आजही लिहवत नाही. आतोबांनी तिला खाडीच्या काठी पुरलं.

सुतक फिटेपर्यंत आबा कल्याणला नुसते बसून होते. भट्टीपाशी टाकलेलं सामान कोणीतरी उचलून नेलं होतं, त्याची त्यांनी चौकशी केली नाही. येणाजाणाऱ्याकडून कळायचं की आत्या रोज ओट्यावर बसून त्या मेल्या साहेबाला शिव्याशाप देते. त्याच्या अंगाला किडे पडतील म्हणते, त्याची सात पिढ्या पोरं मरतील म्हणते. आबा ते ऐकायचे आणि मान डोलवायचे. आई त्यांना म्हणाली, सांगू नका, सांगून पोर परत येणार नाही. त्यावर आबा म्हणाले, दुसऱ्या दिवशी उघड्या तोंडाने जाऊन सांगायचं असतं, तो दिवस कधीच उलटून गेला. आणि त्यांनी मला बरोबर चल म्हटलं. तिच्या तोंडच्या शिव्या त्यांना आपल्या नावाने हव्या होत्या. हे मला आता कळतं.

आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. आत्या चुलीपुढे होती. ये दादा, म्हणाली. हात-पाय धुवायला पाणी दिलं, दोन ताटं वाढली, सुकटीची चटणी, आमटी, तांदळाची भाकरी. आबांनी ताटाला हात लावला नाही. त्यांनी सगळं सांगितलं. भेंडाची टोपी, स्टेशनावरचं बसणं, चुन्याची भट्टी, काहीही न गाळता सांगितलं, त्यांच्या त्या साध्या आवाजात. चुलीत लाकूड सारता सारता आत्या ऐकत होती. त्यांचं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "न्हाई दादा. तू नव्हतास."

आबा म्हणाले, मीच होतो. ती म्हणाली, "मी बघितलाय ना त्याला. उंच व्हता, दारात वाकून हुबा व्हता. घारं डोळं व्हतं त्याचं, मांजरावानी. तुजं डोळं काळं हायेत." तिने हे अगदी शांतपणे सांगितलं. आबांची उंची त्या दाराच्या चौकटीला कधी पुरली नव्हती. मी पहिल्यांदा पडद्यावर स्वतःला पाहिलं तेव्हा मलाही मी ओळखू आलो नव्हतो. लोक पडद्यावरच्या माणसाला हसत होते आणि मी शेजाऱ्याला विचारलं, हा कोण? डोळे तर सगळ्यांनाच असतात, पण ते काय बघतील याच्यावर कोणाचीच सत्ता नाही. आबांनी जागच्या जागी मान ताठ केली, तिच्या डोक्यावरून बघितलं आणि ते वाक्य म्हटलं, "टुमारा घर में किटना आडमी?" तेच ते, हुबेहूब. आत्याने कानांवर हात ठेवले. हात खाली घेतले तेव्हा म्हणाली, माझं दुःख आपल्या अंगावर घ्यायला बघतोस, लहानपणीपण माझा मार तूच खायचास.

मग आबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आत्या, खरं आहे. पट्टेवाला मी होतो. तू आबांच्या बुटांना हात लावलास."

ती माझ्याकडे खूप वेळ बघत राहिली. दाराबाहेर मिठागरावर फळ्यांनी मीठ ओढल्याचा आवाज येत होता. मी नंतर शेकडो नटांची तोंडं वाचली, कोण खरं रडतोय आणि कोण ग्लिसरीनचं, हे मला लांबून कळतं. आत्याच्या तोंडावर त्या वेळी काय होतं ते मात्र मला अजून उलगडलेलं नाही. कधी वाटतं, तिला खरंच पटलं नव्हतं. कधी वाटतं, आम्ही दारात पाऊल टाकायच्या आधीपासून तिला ठाऊक होतं. माझ्यावरची नजर काढून तिने आबांकडे पाहिलं, आणि अनोळखी माणसाशी बोलावं तशी बोलली.

"पोर गेली माजी," ती म्हणाली. "आता भाऊ बी घेऊन जातोस?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगली तशी काढून त्यांच्या ताटात ठेवली, आणि जेव दादा, गार होतंय, म्हणाली. आबांनी ताट पुढे ओढलं. पहिला घास त्यांनी पाण्याबरोबर ढकलला. मग दुसरा घेतला. आत्या वाढत राहिली आणि ते खात राहिले, ती पुरे म्हणेपर्यंत ते हात आखडणार नव्हते, आणि ती पुरे म्हणतच नव्हती.